दोन हजारांची एसआयपी आणि माझा सत्कार

बसा. चहा येतोय, तोवर मी माझ्या तोंडानंच सांगून टाकतो. नाहीतर इंदुरात बडा गणपतीपासून सियागंजपर्यंत हा किस्सा फिरतोच आहे, आणि जो तो पोह्यांवर घालावा तसा वरून आपापला जीरावन मसाला भुरभुरवतोय. माझ्याकडून ऐकलात तर निदान खरा तरी ऐकाल. हसू आलं तर हसा, मला आता कशाचं काही वाटेनासं झालंय.

आधी मला एक सांगा. माणसानं म्हातारपणाची सोय करावी की करू नये? करावी ना? पेपरवाले तेच सांगतात, बँकवाले तेच सांगतात, फोनवर नको असताना फोन करणारी ती पोरगीसुद्धा तेच सांगते. मग मी केली तर काय पाप केलं? लोक कर्ज काढून लग्नं करतात, घोड्यांवर पैसे लावतात, त्यांचं काही होत नाही. मी महिन्याला दोन हजार रुपये शहाण्या माणसासारखे बाजूला टाकायला गेलो, आणि माझं हे असं झालं.

तर मी सबनीस. वय त्रेपन्न. सांवेर रोडवर पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना आहे, तिथं पंचवीस वर्षं डिस्पॅच बघतोय. तुम्ही इंदूरची शेव नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवता ना, ती ज्या खोक्यातून जाते तो खोका माझ्या सहीनं बाहेर पडलेला असतो. शेव सगळ्यांच्या लक्षात राहते, खोक्याचं नाव कोणी काढत नाही. असो. पगार बरा आहे. पेन्शन नाही. प्रायव्हेटमध्ये कसली आलीय पेन्शन?

बारा वर्षांपूर्वी एकदा सुलभा, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, आपल्याला पेन्शन नाही. नंतरचं काय करायचं?"

मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. म्हणालो, "बघतोय मी. सुरू केलंय."

आता असं का म्हणालो? मला विचारू नका, मी स्वतःला बारा वर्षं विचारतोय. विकेट पडली होती, विषय संपवायचा होता, बास. आणि अगदीच खोटं नव्हतं हो ते. बँकेतून एक पत्रक आणलं होतं मी. ते एका फायलीत लावलं, फायलीवर स्केचपेननं मोठ्या अक्षरात "भविष्य" लिहिलं, आणि फाइल कपाटात ठेवली. मग दर वर्षी एक-दोन पत्रकं त्यात पडत गेली. फाइल जाड होत गेली. सुलभा कपाट आवरताना त्या फायलीवरची धूळ पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. उघडून बघायचं तिच्या कधी मनातही आलं नाही. नवऱ्यानं सांगितलंय ना, मग झालं.

यंदा माझे साडू देवासहून जेवायला आले. ते सरकारी खात्यातून नुकतेच रिटायर झालेले, पेन्शन सुरू झालेली, चेहऱ्यावर तेज. दाल-बाफल्यांचं ताट समोर आणि यांचं आपलं पेन्शन, पेन्शन, पेन्शन. सुलभानं वरण वाढता वाढता सहज सांगून टाकलं की आमच्या यांचं तर बारा वर्षांपासून चालू आहे.

साडूंनी माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. आजवर कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "अरे वा. कशात आहे?"

म्हणालो, "थोडं इकडे, थोडं तिकडे."

"म्हणजे डायव्हर्सिफाइड."

"हो, तेच ते."

त्यानंतर बाफला गिळवेना. सात वर्षांनी मी साठीचा होणार, आणि माझ्याकडे एकूण काय, तर रंगीत पत्रकं. पीएफ होता, तो कधीच काढून घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये घातला. सुलभा मात्र बहिणीला सांगत होती की हे रिटायर झाले की आम्ही दोघं द्वारकेला जाणार, रामेश्वरला जाणार. माझ्याच जिवावर ती बोलत होती आणि मी मान हलवत होतो. शरम वाटली हो. खोटं नाही सांगत, मान वर करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच दिवशी ठरवलं. सुरू करायचं. आणि सुलभाला कळू न देता सुरू करायचं, म्हणजे निदान पाच-सहा वर्षांनी फायलीत काहीतरी खरं निघेल. सगळा घोटाळा या "कळू न देता"मध्ये आहे, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या गल्लीत रश्मी राहते, देशपांड्यांची मुलगी. ती म्युच्युअल फंडाचं काम करते. तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि म्हणालो, एका मित्राला रिटायरमेंटसाठी सुरुवात करायची आहे, वय त्रेपन्न, काय करावं त्यानं?

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "काका, मित्राला सांगा की वीस वर्षं उशीर झालाय, पण उद्यापेक्षा आज बरं. महिन्याला झेपेल तेवढी एसआयपी सुरू करा. आणि मित्राला पॅनकार्ड घेऊन यायला सांगा. तुमचंच आणा."

हुशार पोरगी. पुढं तिनं दोन कामं सांगितली. एक, फोनवर केवायसी करायची, म्हणजे आपण आपणच आहोत हे कॅमेऱ्यासमोर सिद्ध करायचं. आणि दुसरं, ग्रॅच्युइटी किती बसते ते ऑफिसातून विचारून आणायचं. इतकी वर्षं एका जागी राबल्यावर नोकरी सोडताना मालक जी रक्कम देतो ती ग्रॅच्युइटी. आपल्या हातात आत्ता काय आहे ते कळल्याशिवाय पुढचा हिशोब लागत नाही म्हणे. बरोबर आहे. तिचं काही चुकलं नाही. तिला मी कधीच दोष दिला नाही.

आता केवायसी घरात कशी करणार? सुलभा बघणार. म्हणून ऑफिसात केली. गोडाऊनच्या मागच्या बाजूला कागदाचे रोल रचलेले असतात, माणसाच्या उंचीचे, त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. फोन समोर धरला. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. मिचकावले. मान डावीकडे करा. केली. उजवीकडे करा. तोंड उघडा. आता हसा. सगळं केलं. फोन म्हणतो, उजेड कमी आहे, पुन्हा करा. पुन्हा मिचकावले, पुन्हा मान वळवली, पुन्हा आ केला. तिसऱ्या वेळी आ केलेला असतानाच रोलच्या आडून पाटीदारजी आले.

पाटीदारजी आमचे अकाउंटंट. भला माणूस, हळवा माणूस, गाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी रडणारा. त्यांनी मला तसा बघितला. एक डोळा मिटलेला, मान वाकडी, तोंड उघडं. मी आधी फोन खिशात टाकला होता, तोंड मिटायचं राहूनच गेलं, म्हणजे त्यांना फक्त मीच दिसलो.

"सबनीसजी, क्या हो रहा है आपको?"

मी घाबरलो ना. म्हणालो, "कुछ नहीं पाटीदारजी. घर पे मत बताना बस."

आता यावर तुम्ही काय समजला असता? तेच ते समजले.

आणि मी एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो. पण नाही. माणसाचे ग्रह फिरले की तो एका दिवसात दोन्ही कामं उरकायला जातो. अर्ध्या तासानं त्यांच्या टेबलाजवळ गेलो, खुर्ची ओढली, आजूबाजूला कोणी नाही बघितलं आणि हळूच विचारलं की माझी ग्रॅच्युइटी किती बनते ते जरा काढून ठेवाल का?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "इतनी जल्दी?"

मी म्हणालो, "जल्दी कहाँ, बहुत देर कर दी मैंने."

मनापासून म्हणालो हो. माझ्या डोक्यात साडू होते, रश्मी होती, बारा वर्षं होती. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कुठं माहीत? त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

आता जरा थांबा, हे समजून घ्या, कारण बाहेरच्याला हे कळणार नाही. आमच्यासारख्या सेठच्या कारखान्यात राजीनामा कोणी लिहून देत नाही. सेठजींच्या समोर उभं राहून "मी चाललो" म्हणायची कोणाची छाती नाही. आणि सेठजीसुद्धा "का चाललास" असं विचारत नाहीत, त्यांना त्यात कमीपणा वाटतो. मग काय होतं, तर जाणारा माणूस गुपचूप पाटीदारजींकडे जातो आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब विचारतो. पाटीदारजी वर सेठजींना सांगतात. सेठजी दुसरा माणूस बघायला घेतात. महिन्याभरात हार-तुरे, कचोरी, आणि माणूस मोकळा. माझ्या डोळ्यांदेखत चार माणसं या रस्त्यानं गेली. त्या चौघांच्या कचोऱ्या मी खाल्ल्यात. आणि तरीही, पंचवीस वर्षं तिथं काढून, त्या टेबलाजवळ बसताना मला हे आठवलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी मात्र खूश. एसआयपी सुरू झाली. पाच तारखेला दोन हजार गेले. रश्मीनं बजावलं होतं, "काका, रोज बघू नका." मी रोज नाही बघितलं. तासातासाला बघितलं. आणि माझे पैसे आत शिरायची वाटच बघत असावा असा तो बाजार दुसऱ्या दिवसापासून खाली. एक हजार नऊशे शहाऐंशी. चौदा रुपये गेले. तुम्ही म्हणाल चौदा रुपयांत पोह्यांची प्लेट येत नाही. कबूल. पण बारा वर्षांनी म्हातारपणासाठी पहिल्यांदा काहीतरी टाकलं आणि ते पहिल्या दिवशी कमी झालं, तर छातीत धस्स होणार की नाही? माझा हात आपोआप छातीवर जायचा. फोन बघायचा, हात छातीवर. खुर्चीत मागं टेकायचं, डोळे मिटायचे, उसासा टाकायचा. दिवसातून दहा वेळा.

आणि हे सगळं कोणाच्या समोर? पाटीदारजींच्या.

त्यानंतर ऑफिसात एक गंमत सुरू झाली. म्हणजे मला तेव्हा गंमत वाटली. सगळे माझ्याशी फार गोड वागायला लागले. हमाल लोक ट्रक भरताना मला उठू देईनात, "भिया, आप बैठो, हम गिन लेंगे." कॅन्टीनमधून माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा यायला लागला. मशीनवरचे लोक मला बघून बोलणं बंद करायचे. एकानं तर बडा गणपतीचा अंगारा कागदाच्या पुडीत आणून दिला. मी लावला. मला वाटलं, पंचवीस वर्षं झालीत, माणसाबद्दल आदर वाढतो. वर घरी जाऊन सुलभाला सांगितलंसुद्धा की आता ऑफिसात माझा शब्द चालतो.

मग एक दिवस सेठजींनी केबिनमध्ये बोलावलं. नुसतं म्हणाले की पाटीदारनं सांगितलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझं तोंड उतरलं. ग्रॅच्युइटीचं विचारलेलं यांना आवडलं नाही असं मी समजलो, आणि घाईघाईनं सांगितलं की चूक माझीच, आधीच लक्ष द्यायला हवं होतं, हलगर्जीपणा झाला. फक्त बायकोला कळू देऊ नका. सेठजी उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पंचवीस वर्षांत त्यांनी मला हात लावलेला नव्हता.

"आप बिलकुल टेंशन मत लो. शनिवार को छोटा-सा प्रोग्राम रखते हैं. भाभीजी को ज़रूर लाना."

मी केबिनबाहेर तरंगतच आलो. पंचवीस वर्षांचा सत्कार. गेल्या वर्षी आमच्या जुन्या मशीनमनला दिली होती पंचवीस वर्षांची शाल, मग मला का नाही? मी सुलभाला फोन केला की महेश्वरी साडी काढून ठेव.

शनिवारी दुपारी मशीन बंद केलं होतं. ते मशीन दिवाळीच्या आदल्या दिवशीही बंद करत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मागं फ्लेक्स लावलेला, "सम्मान समारोह". इंदुरात नगरसेवकापासून पाण्याच्या नव्या बोअरिंगपर्यंत सगळ्यांना हाच फ्लेक्स लागतो, त्यामुळं त्यावरूनही काही कळलं नाही. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. पाटीदारजी बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या वाक्याला रडले. म्हणाले, असा माणूस पुन्हा मिळणार नाही, आम्ही यांना कधी विसरणार नाही. मला जरा जास्तच वाटलं, पण कौतुक कोणाला नको असतं? सुलभा पदरानं डोळे टिपत होती. मीही टिपले.

मग सेठजींनी एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि माइकवर सांगितलं की सबनीसजींचा सगळा हिशोब आजच पूर्ण केला आहे, आणि सोमवारपासून डिस्पॅच दुबेजी बघतील. पहिल्या रांगेतून एक चाळिशीचा, भांग पाडलेला माणूस उठला, माझ्या पाया पडला, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या नंबरांची डायरी कुठं असते ते विचारायला लागला.

डावीकडच्या खणात, मी सांगितलं. सांगून झाल्यावर मला कळलं.

मी रिटायर झालो होतो. सगळ्या कारखान्याला माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. पण अजून वेळ गेली नव्हती, हे मला आजही छळतं. तिथंच उभं राहून "सेठजी, गैरसमज झालाय" एवढं म्हणालो असतो तर सगळे हसले असते, कचोरी खाल्ली असती, आणि सोमवारी मी माझ्या खुर्चीत असतो. मी माइककडे हात नेलासुद्धा.

तेवढ्यात सेठजी सुलभाला म्हणाले की भाभीजी, पुढं काही अडचण आली तर निःसंकोच सांगा. यांना वाटलं तर दोन-तीन तास नुसतं येऊन बसत जावं, अर्धा पगार चालू ठेवतो.

मनात म्हटलं, देव पावला. अर्धा तर अर्धा.

आणि सुलभानं माइक घेतला. लग्नानंतर तीस वर्षांत तिनं कधी माइक हातात घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. चेहरा असा फुललेला, की मी तिचा तसा चेहरा मुलीच्या लग्नातही बघितला नव्हता. तिला वाटलं मी तिला सरप्राइज दिलंय. साडूंच्या आधी, साठीच्या आधी, ताठ मानेनं रिटायर होऊन दाखवलंय.

"सेठजी, आप हमारी बिलकुल चिंता मत कीजिए. इन्होंने बारह साल पहले ही सब इंतज़ाम कर रखा है. घर में पूरी फाइल है."

टाळ्या पडल्या. दुबेजींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. सेठजी म्हणाले, वाह, ऐसा समझदार आदमी चाहिए, आणि अर्ध्या पगाराचा विषय तिथंच मिटला.

आता सांगा, मी काय बोलणार होतो? "नोकरी सोडत नाहीये" म्हणायचं तर "का" आलं. "कारण परवडत नाही" म्हणायचं तर फाइल आली. दोनशे माणसांसमोर, तिच्या हातात माइक असताना, ती फाइल मी कशी उघडू? माझ्या हातात माइक आला तेव्हा मी धन्यवाद म्हणालो आणि खाली बसलो.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं बहिणीला फोन लावला. साडूंनी स्वतःहून फोन हातात घेतला आणि मला छुपा रुस्तम म्हणाले. मी काहीतरी हसल्यासारखं केलं. मांडीवर श्रीफळ होतं, ते दोन्ही हातांनी धरून घरापर्यंत आलो.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं फाइल आणली. म्हणाली, आता निवांत आहात तर मलाही समजावून सांगा, मला काही कळत नाही त्यातलं. आणि उघडली. एक पत्रक, दुसरं पत्रक, तिसरं. एका पत्रकावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारं म्हातारं जोडपं होतं. एका पत्रकावरच्या बँकेचं आता नावही बदललंय. ती सगळी पानं उलटत शेवटपर्यंत गेली, मग पहिल्यापासून पुन्हा उलटली, की मध्ये काही चिकटून राहिलंय का.

"पैशांचे कागद कुठंयत?"

मी फोन काढला आणि दाखवला. त्या दिवशी एक हजार नऊशे ब्याण्णव होते. सहा रुपयांनी वर आले होते.

"हे काय आहे?"

"आपलं रिटायरमेंट."

"बारा वर्षांचं?"

"तीन आठवड्यांचं."

मग सगळं सांगितलं. क्रिकेटच्या स्कोअरपासून गोडाऊनपर्यंत. मला वाटलं ओरडेल, फाइल फेकून मारेल. मारायला हवी होती. तिनं ती पत्रकं नीट जुळवून परत फायलीत लावली.

"मी बारा वर्षं निश्चिंत होते हो," ती म्हणाली.

एवढंच. पैसे नाहीत याचं तिला दुःख झालंच, पण त्यापेक्षा हे लागलं. मग तीच म्हणाली की उद्या जा, सेठजींना खरं ते सांगा, आणि यापुढं जे काही कराल ते मला दाखवून करा. माफ केलं असं म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

सोमवारी शाल, पाकीट सगळं घेऊन गेलो. मला बघताच सेठजी धावत आले, खुर्ची दिली, पंखा वाढवला. तबियत कशी आहे, डॉक्टर काय म्हणाले, मुंबईला दाखवायचं का. तेव्हा मला कळलं की कारखान्याच्या मते मला काहीतरी भयंकर झालंय, तोंड वाकडं होतं, छातीत कळा येतात, आणि हे मी बायकोपासून लपवलंय. हमालांनी माझ्यासाठी नवस बोललेत. पाटीदारजींनी चतुर्थीचा उपास धरलाय.

मी सगळं सांगितलं. मिचकावलेल्या डोळ्यांपासून चौदा रुपयांपर्यंत. ऐकताना आधी सेठजींच्या जिवात जीव आला, मग त्यांना हसू आलं, आणि मग ते संतापले. त्यांचं बरोबर होतं. मशीन तीन तास बंद ठेवलं होतं. दुबेजी पीथमपूरची नोकरी सोडून आले होते, त्यांनी कारखान्याजवळ घर भाड्यानं घेतलं होतं. त्यांना काय सांगणार, की माणूस केवायसी करत होता?

शेवटी म्हणाले, "सबनीसजी, विदाई तो हो गई. अब रखूँगा तो नया रखूँगा."

म्हणजे नवी भरती. दुबेजींच्या हाताखाली. पगार पहिल्यापेक्षा कमी, सहा महिने प्रोबेशन, पाकिटातली ग्रॅच्युइटी माझ्याकडेच राहिली, पण पुढच्या ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजायची. मी हो म्हणालो. नाही म्हणून जातो कुठं? दुबेजींनी उठून मला बसायला स्टूल दिलं, माणूस चांगला आहे.

पाटीदारजींनी नव्या भरतीचा फॉर्म पुढं केला. अजून रडवेलेच होते. मी भरायला घेतला. नाव लिहिलं. वय लिहिलं, त्रेपन्न. अनुभव, पंचवीस वर्षं. आणि खाली एक रकाना होता, मागची नोकरी सोडण्याचं कारण. पेन हातात धरून मी पाव तास त्या रकान्याकडे बघत बसलो. म्हटलं, आता एक तरी गोष्ट खरी लिहू. आणि लिहिलं, रिटायरमेंटसाठी बचत सुरू केली.